मुंबई ते कलकत्ता : आकाशातील अंतर आणि वाटेवरचा मुलूख

दोन गावांमधील अंतर सांगावयाची आपल्या भाषेची जुनी रीत मोठी सूचक आहे. ‘हाकेच्या अंतरावर’ असे आपण म्हणतो तेव्हा माणसाच्या कंठाची पोच हे माप असते. ‘एक मजल’ म्हणतो तेव्हा दिवसभराची चाल आणि रात्रीचा मुक्काम हे माप असते. कोस हे त्या मानाने निश्चित. परंतु डोंगराळ मुलखातला कोस आणि सपाटीवरचा कोस यांतील भेद पायांना कळतच असे. भूमीचा विस्तार एका खात्यात आणि तो ओलांडावयास लागणारा काळ दुसऱ्या खात्यात, अशी वाटणी आमच्या पूर्वजांनी केली नव्हती. ती वाटणी आगगाडीने सुरू केली आणि विमानाने पुरी केली. आज कोणी अंतर विचारले तर आपण उत्तर देतो ते बहुधा तासांत, आणि त्या तासांच्या मागे भूमी किती पडली याची चौकशी सहसा करीत नाही.

आज ज्या दोन स्थळांविषयी बोलावयाचे आहे ती म्हणजे मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ आणि कलकत्त्याचा दमदमचा विमानतळ. (कलकत्त्याचे नाव २००१ पासून अधिकृतपणे कोलकाता झाले आहे; परंतु ही कथा बरीचशी जुन्या काळातील असल्यामुळे जुनेच नाव चालू ठेवतो.) या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे, वैमानिकांच्या मापाने सांगावयाचे तर सुमारे ९०० सागरी मैल. जेट विमानास हा पल्ला गाठावयास साधारण अडीच तास पुरतात. एवढे सांगून हा विषय संपविता आला असता. परंतु ही हकीकत मुंबईहून किंवा कलकत्त्याहून न पाहता गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा या गावाहून पाहावी, असा माझा मानस आहे. आणि त्याला कारण आहे.

पृथ्वीचा गोल घ्यावा, मुंबईवर एक टाचणी व कलकत्त्यावर दुसरी टाचणी टोचावी आणि दोहोंमध्ये दोरा ताणावा. ताणलेला दोरा म्हणजेच सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून काढलेली रेषा आणि हा दोरा तंतोतंत एक नसतात. गोलावरचा दोरा मधोमध किंचित उत्तरेकडे झुकतो. मुंबई-लंडनसारख्या पल्ल्यावर हा झुकाव शेकडो किलोमीटरांचा होतो, मुंबई-कलकत्त्यावर तो सुमारे वीस किलोमीटरांचाच आहे. आता या दोऱ्याचा मध्य काढा. तो महाराष्ट्र व छत्तीसगड यांच्या सीमेजवळ, सालेकशाच्या दक्षिणेस साधारण तीस किलोमीटरांच्या पट्ट्यात येतो. सालेकशाहून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ८३० किलोमीटर, आणि कलकत्त्याचाही सुमारे तितकाच. भाताची शेती, सागाचे व बांबूचे रान, दरेकशाजवळचा हाजरा धबधबा आणि माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे लोटणारा गोंड समाजाचा जनसमुदाय यांसाठी ठाऊक असलेला हा तालुका देशाच्या दोन थोरल्या नगरांच्या बरोबर मध्यावर बसला आहे, ही गोष्ट त्या तालुक्यातही फारशी कोणी बोलून दाखवीत नसेल. मध्यावर असणे हा मान आहे की उपेक्षा, हे वाहन कोणते त्यावर ठरत आले आहे.

पायी टपालाच्या काळात मधल्या मुलखावाचून कोणाचे चालत नसे. हरकारा खांद्यावर थैली व हातात घुंगरांची काठी घेऊन धावे. चार-पाच कोस धावला की पुढच्या हरकाऱ्याच्या हवाली थैली करी. रात्री रानातून जाताना बरोबर मशालजी असे. असा मनुष्य तासाला चार-पाच मैलांहून अधिक जाऊ शकत नाही. हजार-बाराशे मैलांची वाट धरली तर थैली अहोरात्र न थांबता धावूनही तिला दहा-बारा दिवस लागावयाचेच. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की हिशेबच संपला. परंतु त्या व्यवस्थेत प्रत्येक चौकी आवश्यक होती. मधली एक चौकी ओस पडली की दोन्ही टोके एकमेकांस मुकत.

मुंबई व कलकत्ता यांच्यामध्ये आगगाडीचा अखंड मार्ग १८७० च्या मार्चमध्ये खुला झाला. तो इकडून नव्हता. जबलपूर व अलाहाबाद असा उत्तरेचा वळसा घेऊन तो जात असे. झ्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने आपल्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कथेत, जी १८७३ मध्ये ग्रंथरूपाने निघाली, नायकाला याच मार्गावर मध्येच उतरवून हत्तीवर बसविले आहे, कारण म्हणे रूळ पुरे झाले नव्हते. वास्तविक कथेतील १८७२ साली रूळ पुरे होऊन दोन वर्षे लोटली होती. परंतु हत्तीची हौस भागविण्यासाठी कादंबरीकाराला रुळांत खंड पाडावा लागला. असो.

नागपूरपर्यंत मुंबईची गाडी १८६७ मध्येच पोहोचली होती. त्याच्या पूर्वेस मात्र बैलगाडीचे राज्य होते. छत्तीसगडात धान्य उदंड पिके आणि बाहेर काढावयास वाट नसे. त्या धान्यासाठी मुख्यत्वे नागपूर-छत्तीसगड रेल्वे हा अरुंद, मीटर मापाचा रस्ता घातला गेला आणि १८८२ पर्यंत तो राजनांदगावास पोहोचला. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड ही स्थानके याच रस्त्यावरची. आमगावापर्यंतचा मुलूख सपाट, तळ्यांचा व धानाच्या बांध्यांचा. सालेकसा सोडले की डोंगर जवळ येतात, रूळ वळणे घेऊ लागतात आणि दरेकशाच्या बाजूस गाडीला बोगद्यातून जावे लागते. पश्चिमेच्या बोरघाट-थळघाटांपुढे हा घाट किरकोळच. परंतु नागपूरहून सपाटीवर आलेल्या अभियंत्याला पहिली अडवणूक याच ठिकाणी झाली असली पाहिजे. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा रस्ता घेऊन रुंद केला, १८९१ मध्ये तो आसनसोलला नेऊन भिडविला, आणि १९०० मध्ये खरगपूरवरून हावड्यास जोडला. त्या वर्षापासून मुंबई-कलकत्त्याचा जवळचा लोहमार्ग सालेकशावरून जाऊ लागला. त्याची लांबी १,९६८ किलोमीटर. अलाहाबादच्या वळशाहून सुमारे दोनशे किलोमीटरांनी कमी. आणि याही मार्गाचा मध्य काढला तर तो गोंदियाच्या पूर्वेस, आमगावाच्या अलीकडे पडतो. आकाशातील मध्य आणि जमिनीवरील मध्य एकाच जिल्ह्यात यावेत, हा योगायोग असला तरी मोठा मनोहर आहे.

येथे एका अडचणीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि मला तर या साऱ्या विषयात तीच अधिक चित्तवेधक वाटते. प्रवासास किती वेळ लागला हे सांगावयाचे तर निघण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ एकाच घड्याळाने मोजली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात असे एक घड्याळ नव्हते. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे व वर काही सेकंद. म्हणजे मुंबईत दुपारचे बारा वाजत तेव्हा कलकत्त्यात एक वाजून दोन मिनिटे झालेली असत. सकाळच्या स्थानिक वेळेस निघून संध्याकाळच्या स्थानिक वेळेस पोहोचणारा मनुष्य पूर्वेकडे जाताना एक तास अधिक खर्चल्याचे मानी, आणि परतताना तोच तास त्याला फुकट मिळाल्यासारखा वाटे. या गोंधळावर रेल्वेने तोड काढली ती अशी की, सर्व गाड्या मद्रासच्या वेळेने चालवावयाच्या. मद्रासला वेधशाळा होती, आणि मुंबई-कलकत्त्याच्या मधली अशी ती वेळ होती : ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे.

आता सालेकशाचे रेखांश पाहा. पूर्वेस सुमारे साडेऐंशी अंश. मद्रासचे रेखांश सव्वाऐंशी अंशांच्या जवळचे. दोहोंत फरक पाव अंशाच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या गतीने एका मिनिटाचा. मुंबईकराला स्थानकावर येताना आपले घड्याळ अर्धा तास मागे आहे असे समजून चालावे लागे, कलकत्तेकराला अर्धा तास पुढे. सालेकशाच्या शेतकऱ्याला मात्र काहीच करावे लागत नसे. सूर्य डोक्यावर आला की स्थानकाच्या घड्याळात बारा वाजत. रेल्वेचे घड्याळ व आभाळातला सूर्य यांचे असे मेतकूट देशातील फार थोड्या स्थानकांवर जमले असेल. हे सुख पुढे फार दिवस टिकले नाही. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचपुढे साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली आणि सालेकशाचा सूर्य घड्याळाहून आठ मिनिटे मागे पडला. मुंबई व कलकत्ता यांनी मात्र आपला हट्ट बराच काळ सोडला नाही. कलकत्त्याची स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईची १९५५ पर्यंत कोठे ना कोठे चालू होती. या दोन नगरांमध्ये विमाने सुरू झाली तेव्हाही दोहोंची घड्याळे पुरती जुळली नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

विमानाने टपाल नेण्याचा प्रयोग आपल्या देशात पुष्कळ लवकर झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीस सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. पल्ला सहा मैलांचा, वेळ सुमारे तेरा मिनिटे. टपालाचा तो जगातील पहिला अधिकृत विमानप्रवास गणला जातो. त्यानंतर दोन दशके हा विषय आपल्याकडे जवळजवळ झोपी गेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पत्रांची थैली घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादवरून मुंबईच्या जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती थैली बेल्लारीवरून मद्रासला नेली. हे सारे उड्डाण दिवसाचे. विमान सूर्याबरोबर उठावे आणि सूर्याबरोबर निजावे, असा तो काळ होता. आणि यातच विमानाची मोठी उणीव होती. आगगाडी रात्रभर चालते. विमान दिवसा शंभर मैल वेगाने गेले आणि रात्री थांबले, तर दूरच्या पल्ल्यावर त्याने वाचविलेला बराचसा वेळ मुक्कामातच जावयाचा. वेग वाढविण्यापेक्षा रात्र जिंकणे अधिक महत्त्वाचे होते.

ती रात्र आपल्या देशात जिंकली गेली नागपुरास. १९४९ च्या जानेवारीअखेरीस, रफी अहमद किडवाई हे दळणवळण मंत्री असताना, रात्रीची विमानटपाल सुरू झाली. तिची योजना इतकी सोपी व इतकी चतुर होती की ती कोणा व्यापाऱ्याच्या डोक्यातून निघाली असावी असे वाटते. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून रात्री चार विमाने निघत. चारही नागपूरच्या सोनेगावच्या तळावर मध्यरात्रीनंतर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातून कलकत्त्याची, दिल्लीची, मद्रासची थैली उतरे आणि त्या त्या नगराकडून मुंबईसाठी आलेली तीत चढे. मग चारही विमाने आपापल्या घरी परत फिरत आणि सकाळी चारही नगरांत बाकीच्या तिन्ही नगरांची पत्रे हजर होत. चार नगरे एकमेकांस थेट जोडावयाची तर सहा मार्ग लागतात. मध्यावर एक तळ धरला की चारांत भागते. नागपूरहून मुंबई सुमारे ६९०, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८५ किलोमीटर. सर्व अंतरे एका रात्रीच्या आवाक्यातील. १ एप्रिल १९४९ पासून तर देशांतर्गत पत्रे जादा हशील न घेता, जेथे विमानाने लवकर पोहोचतील तेथे विमानानेच पाठविण्याची पद्धत सुरू झाली. पत्र लिहिणाऱ्याला वेगाचे वेगळे दाम मोजावे लागेनात, ही गोष्ट मला त्या काळातील पुष्कळ मोठमोठ्या समारंभांहून अधिक महत्त्वाची वाटते.

ही विमाने बहुतांशी डाकोटा जातीची होती. महायुद्धात सैन्याची व रसदीची ने-आण करून थकलेली, युद्धानंतर स्वस्तात विकली गेलेली, तासाला पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास जाणारी. त्या वेगाने मुंबई-नागपूर अडीच तास, नागपूर-कलकत्ता साडेतीन तास. मध्यावरची अदलाबदल धरून पत्र मुंबईत रात्री निघून कलकत्त्यात दुसऱ्या सकाळी. आगगाडीने त्याच पत्रास दीड दिवसाहून अधिक लागे. थैल्यांबरोबर थोडे उतारूही, दिवसापेक्षा कमी भाड्यात, नेले जात. झोप मोडून प्रवास करावयास तयार असलेल्या सामान्य माणसाला विमानाची वाट अशा रीतीने प्रथम खुली झाली.

आता पुन्हा तो दोरा गोलावर ताणा, परंतु या वेळी नागपूर ते कलकत्ता. हा दोरा सालेकशापासून पाच-सहा किलोमीटरांच्या आत, जवळजवळ गावाच्या माथ्यावरून जातो. नागपूरहून ते अंतर दीडशे किलोमीटर. डाकोटाला अर्धा तास. वैमानिकाने सरळ रेषा धरली असेल तर पहाटेच्या काळोखात, बिनतारी संदेशांच्या व होकायंत्राच्या आधाराने कलकत्त्याकडे जाणाऱ्या त्या विमानाची घरघर दरेकशाच्या रानात ऐकू गेली असणार. खाली त्याच दिशेने त्याच दोन नगरांमधली मेलगाडी घाटाच्या वळणांवर धापा टाकीत चाललेली. दोन्ही वाहनांत टपाल एकाच ठिकाणचे, एकाच पत्त्यांवरचे. फरक एवढाच की, वरच्या थैलीतले पत्र खालच्या थैलीतल्या पत्राहून एक दिवस आधी उघडले जावयाचे. आणि सालेकशात टाकलेले पत्र? कलकत्त्यास जावयाचे असले तरी त्याला आधी आगगाडीने उलट पश्चिमेकडे नागपूरला जावे लागे, तेव्हा कोठे त्याला पंख मिळत. आणि मग ते जेथून निघाले त्याच गावाच्या माथ्यावरून पूर्वेस जाई.

या सेवेची किंमत केवळ पैशांत मोजून चालणार नाही. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेले रात्रटपालाचे डाकोटा उड्डाण होताच कोसळले. कामगार पुढारी व लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री यांच्यासह तेरा जण मृत्यू पावले. वैमानिक तेवढा वाचला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन रात्रटपाल इंडियन एअरलाइन्सकडे आली होती. अपघाताने सेवा थांबली नाही. पुढची बरीच वर्षे ती चालू राहिली, आणि चार नगरांचे टपालखाते नागपूरच्या मध्यरात्रीवर विसंबून राहिले.

ती मागे पडली ती अपघातांमुळे नव्हे, तर वेगामुळे. १९५७ मध्ये व्हायकाउंट विमाने आली, १९६४ मध्ये कॅराव्हेल जातीची जेट विमाने. जेटला मुंबईहून कलकत्त्यास जाताना इंधनासाठी उतरावयाची गरज नव्हती, विसाव्याची गरज नव्हती, अदलाबदलीचीही नव्हती. डाकोटाला नागपूर हवे होते; जेटला ते नको झाले. प्रवासाच्या वेळेची जी बचत झाली तिचा हिशेब केला तर तिचा मोठा वाटा वेगाचा आहे हे खरे. परंतु उतरणे, थांबणे व पुन्हा उठणे यांत जाणारा काळ वगळला गेला, हाही त्यातला लहान वाटा नव्हे. प्रत्येक सुधारणेबरोबर एक थांबा गळत गेला, असा या मार्गाचा इतिहास आहे. हरकाऱ्याला दर चार-पाच कोसांवर माणूस लागे, वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, डाकोटाला एक नागपूर लागे; जेटला मध्ये कोणीच लागत नाही.

वेळापत्रकात छापलेला काळ आणि हवेतला काळ यांतही भेद असतो, तो येथे सांगून टाकतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा काळ वेळापत्रकात धरतात. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल, उड्डाणाच्या परवानगीची वाट, चढण, उतरण आणि उतरण्यापूर्वी आकाशात घालावे लागणारे फेरे सारे आले. शिवाय विमान त्या ताणलेल्या दोऱ्यावरून जात नाही. आखून दिलेल्या आकाशमार्गांनी, ठरावीक बिंदूंवरून जाते, म्हणून प्रत्यक्ष पल्ला सरळ अंतराहून थोडा अधिकच भरतो. आणि वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. विमानाची स्वतःची गती तासाला ८०० किलोमीटर आणि वारा ८० किलोमीटर धरला, तर कलकत्त्याकडे जाताना जमिनीवरून ८८० ची गती पडते आणि मुंबईकडे येताना ७२०. हवेतील वेळ एकीकडे एक तास त्रेपन्न मिनिटे, दुसरीकडे दोन तास अठरा मिनिटे. अंतर तेच, विमान तेच, फरक पंचवीस मिनिटांचा. दोन भिन्न घड्याळांच्या काळात पूर्वेकडे जाणाऱ्याला प्रवास एका तासाने लांबल्याचा भास होई. आज घड्याळ एक झाल्यावर वारा पूर्वेकडे जाणाऱ्याला वेळ परत करतो आहे, अशी मौज आहे.

जमिनीवरही वेग वाढला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. रेल्वेमंत्री मधू दंडवते यांच्या काळातील ही गाडी. तीत वरचा वर्ग ठेवलेला नव्हता, सर्वांना एकच दर्जा. दोन दिवसांची एक रात्र वाचविणारी ही गाडी गोंदियास थांबते. सालेकशास थांबत नाही. लांबच्या पल्ल्याच्या बहुतेक जलद गाड्या या स्थानकावरून शिटी वाजवीत निघून जातात. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला डब्यावरची पाटी धड वाचावयासही अवधी मिळत नाही. यात रेल्वेचा दोष आहे असे मी म्हणत नाही. प्रत्येक गावी थांबणारी गाडी जलद असू शकत नाही, हे गणित आहे. परंतु वर्तमानपत्रांत ‘मुंबई-कलकत्ता अंतर कमी झाले’ असे वाचले की ते कोणाचे कमी झाले, एवढा प्रश्न विचारावयास हरकत नसावी.

या मुलखाला स्वतःचा विमानतळ नाही असेही नाही. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास, ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. सालेकशाहून ती सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटर. युद्ध संपले, सैन्य गेले, आणि रात्रटपालाची विमाने वरून जात असताना ही धावपट्टी खाली बहुतेक मूकच पडून होती. १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडे गेली. पुढे तेथे वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था निघाली. म्हणजे धानाच्या बांध्यांवर शिकाऊ विमाने घिरट्या घालू लागली, परंतु बांधावरच्या माणसाला त्यांतून कोठे जाता येत नव्हते. उतारूंची पहिली नियमित सेवा सुरू व्हावयास १३ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी ती सेवा काही महिन्यांतच बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद-गोंदिया-तिरुपती अशी दुसरी सेवा सुरू झाली. धावपट्टी बांधल्यापासून तिकीट मिळण्यापर्यंत ब्याऐंशी वर्षे लोटली. आणि ज्या दोन नगरांच्या मध्यावर हा जिल्हा बसला आहे त्यांपैकी एकाकडेही या दोन्ही सेवांचे तोंड नव्हते.

म्हणून सालेकशाच्या माणसाने मुंबईस जावयाचे तर कसे जावे, याचा हिशेब करून थांबतो. सरळ अंतर ८३० किलोमीटर. जेटच्या गतीने एक तासाची वाट. विमानानेच जावयाचे म्हटले तर त्याने आधी पावणेदोनशे किलोमीटरांवरील नागपूर गाठावे, तेथे उड्डाणापूर्वी तास-दीड तास बसावे, आणि मग दीड तासात मुंबईस उतरावे. अर्धा दिवस यात सहज जातो, आणि पैका जातो तो निराळाच. बहुतेक माणसे असे करीत नाहीत. ती दुपारच्या आत थांबणाऱ्या गाडीने गोंदियास येतात. तेथून मुंबईकडे विदर्भ एक्स्प्रेस निघते. ती गोंदियाचीच गाडी असल्यामुळे बसावयास जागा मिळण्याचा संभव अधिक. भाकरी-भाजीची शिदोरी सोबत असते. नागपूर संध्याकाळी मागे पडते, वर्धा, बडनेरा, अकोला रात्रीच्या अंधारात जातात, पहाटे कसारा घाट उतरावा लागतो, आणि दुसऱ्या सकाळी मुंबई. घरातून निघाल्यापासून ही जवळजवळ एका अहोरात्राची मजल होते. त्याच रात्री मुंबई-कलकत्त्याची काही विमाने त्या गाडीवरून पुढे जातात. त्यांतल्या उतारूंना खिडकीतून खाली एखादा दिवा दिसला तर दिसला.